पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या 24 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

'ताई, 2020 च्या फेब्रुवारीत मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, तेव्हा वडिलांनी भिशी उचलून मला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. नवव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, 8 जीबी रॅम. वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. मी सध्या नोकरी शोधतोय. दर शुक्रवारी रात्री आम्ही शाळेतले पाच मित्र मिळून व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो. दोघं पुण्यात, एक बेंगळुरूला, आम्ही दोघं इथं. गेल्या महिनाभरापासून पहिली पंधरा मिनिटं 110 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 110 चित्रं मिळतात, मग अचानक 25 वर येतात. दोन-तीन मिनिटांनी परत वर, परत खाली. जीटीए फाइव्हलाही तेच. दोनदा विंडोज नव्यानं टाकलं, फरक नाही. एका दुकानात म्हणाले मदरबोर्ड गेलाय, 14,000 लागतील. दुसऱ्या दुकानात म्हणाले, सहा वर्षं झाली, आता नवाच घ्या. 80,000 चा एक पाहून ठेवलाय. वडील म्हणतात, मालकाकडून उचल घेतो. त्यांनी माझ्यासाठी परत कुणापुढं हात पसरावा असं मला वाटत नाही. माझ्यामुळे टीम हरते हेही सहन होत नाही. अभ्यास आहे असं सांगून मी तीन शुक्रवार टाळले. लॅपटॉप म्हातारा झालाय हे मान्य करून नवा घेऊ, की खेळणंच सोडून देऊ? जाता जाता एक, जुन्या चार्जरची वायर तुटली म्हणून मार्चमध्ये 1,200 रुपयांचा साधा चार्जर घेतला. पिन बसते, चार्जिंगही होतं, पण तासभर खेळलो की बॅटरी 100 ची 65 वर येते. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं, त्याचा काही संबंध असेल का?'

मित्रा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नापाशी थांबले, नवा घेऊ की सोडून देऊ. दुसऱ्यांदा मात्र 'जाता जाता' या शब्दांपाशी थांबले आणि तिथंच बराच वेळ बसले. तू जे शेवटी, सहज म्हणून लिहिलंस, त्यातच लॅपटॉपचं दुखणं असण्याची दाट शक्यता आहे. तिकडं येतेच. त्याआधी तू दोन गोष्टी गृहीत धरल्यास त्याबद्दल बोलू, कारण 80,000 रुपयांची उडी त्या दोन गोष्टींच्या जोरावर मारली जाणार आहे.

पहिली म्हणजे 'म्हातारा झालाय'. हे आपण माणसांवरून धरून चालतो. माणसाचे गुडघे झिजतात तसा प्रोसेसर पाच-सहा वर्षांत झिजून हळू होत नाही. तुझा आय-5 फेब्रुवारी 2020 मध्ये टर्बोत, म्हणजे गरजेपुरत्या वाढीव वेगात, 4 गिगाहर्ट्झच्या आसपास पळत होता आणि आजही पळू शकतो. पहिली पंधरा मिनिटं 110 एफपीएस देऊन तो तेच सांगतोय. म्हातारं होतं ते त्याच्या भोवतालचं. पंख्याचं बेअरिंग, चिपची उष्णता तांब्याच्या नळीकडं नेणारी पेस्ट, बॅटरी, चार्जरची वायर, जाळीत साचलेली धूळ. यातलं काहीही मदरबोर्ड नाही आणि यातली प्रत्येक गोष्ट सुटी दुरुस्त होते किंवा बदलता येते.

दुसरी म्हणजे 'अचानक झालं, म्हणजे काहीतरी गेलं'. आपण सांगलीकरांनी तरी या 'अचानक'ला फसू नये. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 38 फुटांवर असतं तेव्हा गावात सगळं सुरळीत चालू असतं. 40 ला इशारा, 45 ला धोका. पाणी चढलेलं असतं इंचाइंचानंच, पण सूर्यवंशी प्लॉटमधल्या लोकांना सामान हलवावं लागतं ते एका रात्रीत. लॅपटॉपच्या पोटात अशाच रेषा आखलेल्या असतात. एक रेषा उष्णतेची. तुझ्या जातीच्या प्रोसेसरला ती 100 अंशांना असते, काही कंपन्या त्याच्याही थोडं अलीकडे ठेवतात. दुसरी रेषा विजेची, म्हणजे किती वॉट ओढायचे याची. रेषेच्या खाली आहोत तोवर पडद्यावर काहीच कळत नाही. रेषा गाठली की लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडतो. थोडा निवला, ताण उतरला, की परत पळतो. 110 एफपीएसला एक चित्र साधारण 9 मिलिसेकंदांत तयार होतं, 25 ला त्यालाच 40 लागतात. म्हणून तुला ती पडझड भिंतीवर आदळल्यासारखी वाटते.

जो भाग मेलेला असतो तो तीन मिनिटांनी परत जिवंत होत नाही. तुझा होतोय. एवढ्या एका निरीक्षणावर मी तुला सांगेन की 14,000 चा मदरबोर्ड आज तरी बदलू नकोस.

आणि तू दोनदा विंडोज टाकलंस ते वाया गेलं असं मानू नकोस. त्यामुळे सॉफ्टवेअरवरचा संशय बराच उतरला. 2025 च्या जुलैमध्ये व्हॅलोरंट अनरिअल इंजिन 5 या नव्या सॉफ्टवेअरच्या पायावर गेला तेव्हा जुन्या मशीनवाल्यांनी गेमलाच दोष दिला, तसं तुझ्या बाबतीत म्हणता येत नाही. जीटीए फाइव्हही त्याच जागी अडतोय. इंटरनेटही यात नाही. पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, वाढला तर माणसं जागच्या जागी उड्या मारताना दिसतात, पण कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा पडत नाही. तुझा आकडाच पडतोय. राहिले दोन संशयित, वीज आणि उष्णता.

विजेपासून सुरू करू. नव्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांचं लेबल असेल, मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाच. 'आउटपुट'पुढं दोन आकडे दिसतील, व्होल्ट आणि अँपिअर. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. 19.5 व्होल्ट आणि 7.7 अँपिअर असेल तर 150 वॉट. 19.5 आणि 3.33 असेल तर 65 वॉट. तुझ्यासारखा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपबरोबर कंपन्या सहसा 120 ते 150 वॉटचा चार्जर देतात. नेमका किती हवा ते तुझ्या लॅपटॉपच्या तळाच्या लेबलवर किंवा तुटक्या चार्जरवर लिहिलेलं असेल. तो फेकला नसशील अशी आशा आहे.

हिशेब कर. तुझा प्रोसेसर 45 वॉटचा म्हणून विकला जातो आणि टर्बोत त्याहून जास्त ओढतो. 1650 ला पन्नासच्या आसपास लागतात. पडदा, पंखे, रॅम, कीबोर्डचे दिवे वेगळे. ऐन सामन्यात बेरीज शंभरच्या पुढं जाते. तुझा चार्जर 65 चा असेल तर उरलेली वीज कुठून येणार? बॅटरीतून. म्हणूनच चार्जर लावलेला असतानाही ती 100 ची 65 होते. काही गेमिंग लॅपटॉप मूळ चार्जरवरही ऐन धुमश्चक्रीत बॅटरीतून घोटभर वीज घेतात. तासाभरात दोन-चार टक्के उतरले तर मी लक्ष दिलं नसतं, 35 टक्के मात्र खूपच झाले. सहा वर्षांची बॅटरी काही वेळ हा भार उचलते, मग तिचाही श्वास लागतो, आणि लॅपटॉप विजेची मागणी एकदम खाली आणतो. टायपिंग करताना, सिनेमा बघताना 65 वॉटमध्ये आरामात भागतं, म्हणून बाकी दिवसभर तुला चार्जर चांगलाच वाटणार.

व्होल्टेजचं म्हणशील तर त्याच लेबलवर 'इनपुट'पुढं 100 ते 240 असे आकडे असतील. संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडली तरी 100 च्या वर आहे तोवर चार्जर आपलं काम करतो. ती काळजी सोड.

हे मी एवढ्या खात्रीनं लिहितेय कारण माझ्यावर ते बेतलेलं आहे. काही वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप एका सकाळपासून इतका मंदावला की साधी फाइल उघडायला मिनिट लागायचं. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड गेल्याचं सांगितलं आणि मी मानलंही. आठवड्यानं माझा मावसभाऊ घरी आला. त्याच्याकडं त्याच कंपनीचा लॅपटॉप होता. सहज त्याचा चार्जर लावला आणि माझं मशीन पहिल्यासारखं पळायला लागलं. नंतर भिंग घेऊन माझ्या चार्जरची पिन पाहिली. गोल पिनेच्या मधोमध केसाएवढी एक बारीक सुई असते, ती वाकून कडेला टेकली होती. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये त्या सुईवरून लॅपटॉपला कळतं की समोर कोण आहे, किती वॉटचा आहे. ओळख पटली नाही तर लॅपटॉप जपून चालतो. माझ्या मशीननं प्रोसेसर 0.8 गिगाहर्ट्झच्या आसपास अडकवून ठेवला होता. अशी अडचण असलेल्या वाचकांनी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयूचा 'स्पीड' बघावा. काम चालू असताना तो तासन्‌तास एकाच्या खाली खिळून बसला असेल तर आधी चार्जर आणि त्याची पिन तपासा. सुरू होताना काळ्या पडद्यावर चार्जर ओळखता आला नाही असा इंग्रजी संदेश येत असेल तर तोही न वाचता एंटर मारू नका.

पण मित्रा, चार्जरवर माझा संशय असला तरी तू माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मिरजेत तंबोरा दुरुस्तीला आला की कारागीर लगेच जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागाला, कानस लावत नाही. आधी तारा छेडतो, ऐकतो, परत छेडतो. आपणही आधी ऐकू.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे. उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' निवड. आकड्यांची लांबलचक यादी बघून बिचकू नकोस, तुला चारच ओळी हव्यात. प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा क्लॉक म्हणजे त्याचा वेग, ग्राफिक्स कार्डाचं तापमान, ग्राफिक्स कार्डाचा क्लॉक. वहीच्या पानावर सहा रकाने पाड. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात एफपीएस, मग हे चार. अर्धा तास खेळ, मित्रांबरोबर नको, प्रॅक्टिसमध्ये. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिही, आणि एफपीएस पडले की त्याच क्षणी खेळ सोडून एक ओळ लिही. ती ओळ सगळ्यात मोलाची. लिहिणं जमत नसेल तर बाजूला मोबाइल उभा करून पडद्याचा व्हिडिओ काढ.

पडण्याच्या क्षणी प्रोसेसर 95 ते 100 अंशांवर असेल आणि त्याचा क्लॉक खाली आला असेल, तर दुखणं उष्णतेचं. त्याच क्षणी तापमान सत्तर-पंचाहत्तरच असेल आणि तरीही क्लॉक कोसळला असेल, तर दुखणं विजेचं. दोन्ही दिसलं तर दोन्ही, तसंही होतं. 'थर्मल थ्रॉटलिंग' या ओळीसमोर 'येस' उमटलं तर उष्णतेवर शिक्कामोर्तब. 'पॉवर लिमिट एक्सिडेड' समोर मात्र चांगल्या लॅपटॉपवरही अधूनमधून 'येस' येतं, टर्बो संपतानाची ती रोजची गोष्ट आहे. त्यावरून काही ठरवू नकोस.

विजेचं निघालं तर लगेच चार्जर विकत घेऊ नकोस, आधी एका संध्याकाळपुरता उसना आण. तुझ्याच कंपनीचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा, व्होल्ट आणि पिन मात्र तीच हवी. विश्रामबागेत वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलच्या आसपास असा चार्जर असलेला एक तरी मुलगा सापडेलच. फरक पडला तर मग मूळ वॉटचा घे. साध्या चार्जरपेक्षा तो महाग पडेल, तरी 14,000 आणि 80,000 शी त्याची तुलना होणार नाही.

आणि बॅटरी बघ. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेव, तो डगमगतो का, टचपॅड एका बाजूनं उचललाय का, तळाची पट्टी फुगलीय का. यातलं एक जरी दिसलं तर गेम, चाचणी, सगळं थांबव. चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर आणि बॅटरी बदलल्याशिवाय परत लावू नकोस. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरात 'बघू उद्या' म्हणून ठेवायची नाही. इथं मी घाई करायला सांगतेय, बाकी सगळीकडं धीर धर.

आता उष्णता. तू एप्रिलमध्ये लिहितोयस आणि महिनाभरापासून त्रास आहे म्हणतोस. एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत रात्री दहालाही भिंती गरम असतात. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. जानेवारीत जो 88 वर राहायचा तो आता रेषेला टेकणार. शिवाय तू मार्केट यार्डाजवळ राहतोस.

ते मी मुद्दाम म्हणतेय. मागे मी यार्डाजवळच्या एका मुलाचा लॅपटॉप उघडताना शेजारी बसले होते. बाहेरून जाळी स्वच्छ होती, तो दर आठवड्याला ब्रश मारायचा. तळाचे स्क्रू काढले, बॅटरीला बोर्डाशी जोडणारी पट्टी सुटी केली, पंख्याचं झाकण उचललं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत एक पट्टी बसली होती, नमद्यासारखी घट्ट, बोटाएवढी लांब. चिमट्यानं धरून ओढली तर तुटली नाही, अखंड पापुद्रा निघाला. उजेडात धरला तर करडा नव्हता, पिवळा होता. वास घेतला तर हळद. नव्या हळदीची आवक सुरू झाली की त्या भागात पापडावर, दोरीवरच्या कपड्यांवर, सगळ्यांवर जी बसते तीच, गादीच्या कापसाच्या तंतूंबरोबर विणली गेलेली. पंखा पूर्ण जोरात फिरत होता, पण हवा त्या नमद्यापलीकडं जातच नव्हती. साफ करून पेस्ट बदलल्यावर त्याच मुलाचा तोच गेम त्याच रात्री अडकला नाही.

तुझ्या घरी एकही स्क्रू न काढता याची परीक्षा होते. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असशील तर उचल आणि लाकडी पाटावर ठेव. मागच्या बाजूला दोन वह्या सरकव, म्हणजे तळाखालून हवा खेळेल. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, तुझ्या प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 चं 99 कर. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण त्यानं इंटेलचा टर्बो बंद होतो आणि प्रोसेसर बराच थंड चालतो. आणि एफपीएसला गेममध्येच 60 ची मर्यादा घाल. 110 वरून 25 वर आपटण्यापेक्षा अर्धा तास सरळ 60 मिळालेले हाताला जास्त मानवतात, निशाणाही स्थिर राहतो. एवढं केल्यावर पडझड थांबली तर उष्णतेचा पुरावा तुझ्या हातात आला, तोही पैसा न घालवता. एक लक्षात ठेव. टर्बो बंद केला की वीजही कमी लागते, म्हणून वहीतले तापमानाचे आकडे घेतल्याशिवाय ही युक्ती करू नकोस. नाहीतर आराम पडेल आणि कशानं पडला ते कळणार नाही.

साफसफाई स्वतः करावी का? तुझा हात स्थिर असेल, आणि तुझ्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ पूर्ण बघितला असशील, तर पंख्यापर्यंतची धूळ तू काढू शकतोस. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढ आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं त्या चित्रावरच ठेव, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. सगळ्यात आधी बॅटरीची पट्टी सुटी कर. ब्लोअर मारताना पंख्याला बोटानं धरून ठेव, मोकळा भिरभिरला तर बेअरिंगला मार बसतो. उघडल्याशिवाय बाहेरून जाळीत हवा मारू नकोस, नमदा आतच राहतो आणि कधीकधी उलटा पंख्यात जातो. हीटसिंक, म्हणजे चिपवरचा उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग, काढून पेस्ट बदलणं मात्र पहिल्यांदाच असेल तर अनुभवी माणसाकडून करून घे. शेजारच्या मेमरीच्या चिपांवर जे मऊ पॅड असतात ते फाटले आणि चुकीच्या जाडीचे बसवले तर हीटसिंक नीट टेकत नाही आणि नवंच दुखणं सुरू होतं.

दुकानात जाशील तेव्हा 'बघा काय झालंय' असं म्हणून लॅपटॉप सोडून येऊ नकोस. वहीचं पान पुढं ठेव. 'इतक्या मिनिटांनी, इतक्या अंशांना, क्लॉक इतका पडतो. जाळी आतून साफ करून पेस्ट बदलायची आहे, माझ्यासमोर उघडाल का?' आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मदरबोर्ड गेल्याचं तोंडातोंडी सांगता येत नाही. सांगितलंच, तर कशावरून, हे शांतपणे विचार. पडद्यावर रंगीत चौकोन उमटत असतील, निळा पडदा येऊन मशीन बंद पडत असेल, थंड असतानाही गेम उघडताच कोसळत असेल, तर मी स्वतः म्हणाले असते की ग्राफिक्स चिपपर्यंत गोष्ट गेली असेल आणि सहा वर्षांच्या लॅपटॉपवर तेवढा खर्च करू नये. तुझ्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही.

मित्रांपैकी कुणीतरी तुला 'अंडरव्होल्ट कर', म्हणजे प्रोसेसरला थोड्या कमी व्होल्टेजवर चालव, म्हणेलच. कल्पना चांगली आहे, पण 2019 च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाल्यावर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून ती सोय बंद झाली. तुझ्या मशीनवर चालली नाही तर तुझं काही चुकलं असं समजू नकोस. एका क्लिकमध्ये गेम फास्ट करणारी बूस्टर सॉफ्टवेअर मात्र अजिबात नकोत.

याच प्रकारची पत्रं आणखी आली आहेत, त्यांनाही दोन शब्द. तुमचा गेम तापण्याआधीपासूनच, नव्या भागात शिरताना क्षणभर अडकत असेल तर आधी मेमरी पाहा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम नव्वद टक्क्यांच्या वर असेल किंवा 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड काठोकाठ भरलं असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा बारकावा) एक पायरी खाली आणा आणि मागचं ब्राउझर बंद करा. 8 जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकल्यानं खरंच फरक पडतो, पण 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून बाकी सगळं तपासून झाल्यावरच तिकडं वळा. गेम अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर आधी तो एसएसडीवर हलवा. सगळं थंड असूनही पहिल्या मिनिटापासूनच एफपीएस कमी असतील, तर गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालत नाही ना, ते विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन बघा. आणि ज्यांच्याकडं जीटीएक्स 1050 किंवा 1060 ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की 2025 च्या ऑक्टोबरनंतर त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येणं थांबलं, फक्त सुरक्षेचे अपडेट येत राहतील. जुने गेम आहेत तसे चालतील. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही त्याच महिन्याच्या 14 तारखेला संपला. मित्रा, तुझा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसतो आणि तुझं 1650 त्या थांबलेल्या पिढीतलं नाही, हेही तुझ्या लॅपटॉपच्या बाजूनं धर.

राहिला तुझा मूळ प्रश्न. खेळणं सोडावं का, याचं उत्तर लॅपटॉपवरून काढू नकोस. पाच जणांची शाळेतली मैत्री तीन गावांत विखुरली आणि तरी आठवड्यातून एक रात्र तुम्ही एकत्र येता. नोकरी शोधण्याच्या दिवसांत अशी एक रात्र हाताशी असणं ही छोटी गोष्ट नाही. तू तीन शुक्रवार खोटं कारण सांगितलंस, कारण तुला वाटलं की मशीनची खोट ही तुझी खोट आहे. त्यांना सरळ सांग की लॅपटॉप अडकतोय, मी तपासतोय, तोवर कमी सेटिंगवर येतो, एखादा राउंड पडला तर सांभाळून घ्या. सामन्यात उतरायचं नसेल तर नुसता व्हॉइसवर बस. माझा अंदाज आहे की तुझ्या निशाण्यापेक्षा त्यांना तुझा आवाज जास्त आठवत असेल.

नवा लॅपटॉप कधीच घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. नोकरी लागली, स्वतःच्या पगारातून घ्यावासा वाटला, तर जरूर घे. पण आज उचल घेऊन आणलेला 80,000 चा लॅपटॉप त्याच खोलीत, त्याच गादीवर, त्याच हळदीत राहणार आहे. त्याचीही जाळी भरेल. आणि 'परत हात पसरावा लागतोय' हे जे तुला टोचतंय, ते वडिलांना तू बोलून दाखवलं आहेस का? पत्रावरून तसं वाटत नाही. त्यांना फक्त एवढं दिसतंय की मुलगा तीन शुक्रवार गप्प बसलाय, आणि त्यांच्याकडं जो उपाय आहे तो ते पुढं करतायत.

त्यांना या आठवड्यापुरतं थांबायला सांग. सांगताना दोन्ही चार्जर घेऊन त्यांच्याजवळ बस, तुटका एका हातात, नवा दुसऱ्या हातात, आणि लेबलवरचे आकडे त्यांनाच वाचायला दे. आयुष्यभर पोत्यांची वजनं वहीत उतरवलेला माणूस आहे, दोन आकड्यांतला फरक त्यांच्या लगेच ध्यानात येईल. मग वहीचं पान भरलं की त्यातली ती मोलाची ओळ मला कळव.